लिस्बन पुन्हा उभे करणारा मंत्री : मार्केस द पोंबाल

गोव्याचा इतिहास वाचणाऱ्याला पोंबाल हे नाव अपरिचित नाही. जेजुइट पाद्र्यांची ज्याने पोर्तुगीज मुलखातून हकालपट्टी केली, गोव्यातील इन्क्विझिशन ज्याने पहिल्यांदा बंद पाडले, ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांना पोर्तुगिजांच्या बरोबरीचा मान देणारी राजाज्ञा ज्याच्या अमलात निघाली, तोच हा लिस्बनचा सर्वसत्ताधीश मंत्री. आपल्याकडे त्याची ओळख एवढ्यावर थांबते. लिस्बनमध्ये मात्र त्याचे नाव प्रथम एका सकाळीशी आणि त्या सकाळीनंतरच्या बावीस वर्षांशी जोडलेले आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी युरोपातील एक अत्यंत श्रीमंत राजधानी काही मिनिटांत कोसळली. ती पुन्हा उभी करताना, पुढचा भूकंप होणारच हे गृहीत धरून शहर बांधायचे, असा निर्णय एका सरकारने घेतला. त्या निर्णयामागे उभा राहिलेला हा माणूस होता.

सेबास्त्यांव जुझे दे कार्व्हालो इ मेलो हे त्याचे पूर्ण नाव. मार्केस द पोंबाल ही पदवी त्याला १७६९ साली, म्हणजे भूकंपानंतर चौदा वर्षांनी मिळाली. १३ मे १६९९ रोजी लिस्बनमध्ये, एका साधारण सरदार कुळात त्याचा जन्म झाला. घराण्याला मान होता, पण दरबारातील बड्या उमरावांच्या पंक्तीत बसण्याइतकी ऐपत नव्हती. कोईंब्रा विद्यापीठात थोडे शिक्षण आणि सैन्यात थोडी नोकरी झाली, पण कशातच तो रमला नाही. १७२३ साली त्याने उच्च कुळातील एका विधवेशी तिच्या नातलगांचा विरोध डावलून लग्न केले. बड्या घराण्यांनी त्याला कधी आपले मानले नाही. पुढे त्यांच्याशी तो ज्या रीतीने वागला, त्याची मुळे इथवर मागे जातात असे मानायला जागा आहे.

वयाची चाळिशी जवळ येईपर्यंत त्याच्या हातून नाव घेण्याजोगे काही घडले नव्हते. १७३८ साली त्याची लंडनला पोर्तुगालचा वकील म्हणून नेमणूक झाली. याच सुमारास चिमाजी अप्पांच्या फौजा उत्तर कोकणात पोर्तुगिजांचे एकेक ठाणे घेत होत्या. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि साष्टी, बार्देशवरही मराठ्यांचा दाब आला. पूर्वेकडील साम्राज्य हातचे निसटते आहे आणि त्याच समुद्रावर इंग्रज व्यापाऱ्यांची कंपनी मात्र वाढते आहे, हे लंडनमध्ये बसून पाहण्याची वेळ या नव्या वकिलावर आली. इंग्रजी भाषा त्याने फारशी आत्मसात केली नाही. पण व्यापार, कंपन्या, जकात, आरमार यांवरचे ग्रंथ जमवून त्यांचा कसून अभ्यास केला. १७४० साली रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १६६६ च्या आगीनंतर विटांत बांधलेले लंडन तो रोज पाहत होता. त्याचा उपयोग आपल्याला कधी होईल, हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नसणार. पहिली पत्नी १७३९ साली वारल्यानंतर पुढे व्हिएन्नाच्या मुक्कामात त्याने डाउन या ऑस्ट्रियन सरदार घराण्यातील एलिओनोरा हिच्याशी लग्न केले.

३१ जुलै १७५० रोजी राजा दों जुआंव पाचवा निवर्तला आणि दों जुझे गादीवर आला. नव्या राजाला संगीत, नाटक आणि शिकार यांत रस होता; राज्यकारभाराचा कंटाळा होता. त्याने परराष्ट्र आणि युद्ध या खात्यांचा सचिव म्हणून कार्व्हालोला नेमले. तीन सचिवांपैकी तो एक होता, सर्वेसर्वा नव्हे. पाच वर्षे त्याची सत्ता हळूहळू वाढत गेली. मग ती सकाळ आली.

लिस्बन शहर तेजो नदीच्या मुखाजवळ, टेकड्यांवर आणि मधल्या सखल पट्टीत वसलेले. या सखल भागाला ‘बायशा’ म्हणतात. तिची जमीन नदीच्या गाळाने भरून आलेली, म्हणजे भूकंपात सर्वांत वाईट. राजवाडा, बाजारपेठा, सोनारांच्या गल्ल्या, गोदामे हे सारे तिथेच. दक्षिण-पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटच्या भूशिरापलीकडे अटलांटिकच्या तळाशी आफ्रिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट एकमेकांना रेटत असतात. शिवाय तेजोच्या खोऱ्यात, शहराच्या अगदी अंगाशी, दुसरा भ्रंश आहे. १५३१ च्या जानेवारीत लिस्बनने असाच मोठा भूकंप सोसला होता. पण सव्वादोनशे वर्षे हा काळ विसरण्यास पुरेसा असतो. तेवढ्या अवधीत अरुंद गल्ल्यांवर मजल्यावर मजले चढले, आणि त्याच वर्षीच्या वसंतात नदीकाठी भव्य ऑपेरागृह उघडले गेले. ते जेमतेम सात महिने उभे राहिले.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च माणसांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या जळत होत्या. धक्के काही मिनिटे चालले. चर्चच्या कमानी, घुमट, घंटाघरे प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर कोसळली. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या ओढीने नदीकाठी धावले. तास-दीड तासाच्या आत समुद्राचे पाणी नदीतून उलटे चढून आले आणि काठावरच्या गर्दीवर फिरले. मागे आग होतीच. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि स्वयंपाकघरांतल्या चुलींनी पेटवलेली ही आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली, आणि भूकंपाने जे सोडले होते त्यातले बरेचसे तिने नेले. सर्व संतांच्या नावाचे मोठे इस्पितळ जळाले. राजवाड्यासह सत्तर हजार ग्रंथांचे राजग्रंथालय गेले. त्याच परिसरातील ‘काझा द इंदिया’, म्हणजे पूर्वेकडील व्यापाराची कचेरी, तिच्या दप्तरासह नष्ट झाली. वास्को द गामाच्या काळापासूनचा हिशेब तिथे होता. गोव्याच्या सोळाव्या-सतराव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही जागोजागी जी पोकळी लागते, तिचे एक कारण ही आग आहे.

मृतांचा आकडा कोणालाच नेमका ठाऊक नाही. दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत अंदाज केले गेले आहेत. सुमारे दोन लाख वस्तीच्या शहरात यांतला कोणताही आकडा भयंकरच आहे.

राजकुटुंब त्या दिवशी शहराबाहेर बेलें येथे होते म्हणून वाचले. राजाने मात्र दगडी छताची इतकी धास्ती घेतली की उरलेले सारे आयुष्य तो आजुदाच्या टेकडीवरील लाकडी वाड्यातच राहिला. तीन सचिवांपैकी एक भूकंपानंतर तीनच दिवसांत वारला. दुसरा लवकरच मर्जीतून उतरला आणि हद्दपार झाला. तिसरा तेवढा जागेवर राहिला. आता काय करावे, या राजाच्या प्रश्नाला कार्व्हालोने दिलेले म्हणून एक बाणेदार उत्तर प्रत्येक पुस्तकात सापडते. ते खरोखर त्याचे की नाही, याबद्दल इतिहासकारांत एकवाक्यता नाही. काहींच्या मते ते मार्केस द आलोर्ना या वृद्ध सेनानीचे. हा आलोर्ना १७४४ ते १७५० गोव्याचा व्हाइसरॉय होता. सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७४६ साली हळर्णचा किल्ला घेतला म्हणून त्याच किल्ल्याच्या नावाने त्याला पदवी मिळाली होती. वाक्य कोणाचेही असो, पुढच्या आठवड्यांत जे आदेश निघाले ते कार्व्हालोच्या हातचे होते, आणि ते पुढे १७५८ साली ग्रंथरूपाने छापलेही गेले. कित्येक दिवस तो घोडागाडीतच राहिला, तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून हुकूम लिहीत गेला, असे सांगतात.

त्या आदेशांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली गोष्ट प्रेतांची. रोगराईच्या भीतीने ती होड्यांत भरून, वजने बांधून, खोल पाण्यात सोडायची होती. हे ख्रिस्ती दफनविधीविरुद्ध असल्याने लिस्बनच्या धर्मप्रमुखाची संमती मिळवण्यात आली. दुसरी गोष्ट धान्याची. आसपासच्या प्रांतांतून ते सक्तीने आणवले गेले, बंदरातल्या गलबतांना तपासणीवाचून निघण्यास मनाई झाली आणि भाव भूकंपापूर्वीच्या पातळीला बांधून टाकले गेले. मासळीवरची जकात उठवली. लुटारूंसाठी उंच जागी, सर्वांना दिसतील असे फास उभारले आणि तीसहून अधिक माणसे लटकवली. धडधाकट माणसांना परवान्याशिवाय शहर सोडता येईना; पळून गेलेल्यांना परत आणून ढिगारे उपसण्याला लावले. घरमालकांना भाडे वाढवता येणार नाही, भाडेकरूला हुसकता येणार नाही, लाकूड आणि विटा चढ्या भावाने विकता येणार नाहीत, असेही बजावले. शहराचे साप्ताहिक वृत्तपत्र त्या आठवड्यातही निघाले. सरकार जिवंत आहे हे लोकांना दिसावे, ही त्यामागची दृष्टी असावी.

यानंतर त्याने आणखी एक काम केले. विज्ञानाच्या इतिहासात त्याला जी जागा मिळाली, ती याच कामामुळे. १७५६ च्या प्रारंभी देशातील प्रत्येक परगण्याच्या पाद्र्याकडे एक प्रश्नावली गेली. भूकंप किती वाजता सुरू झाला व किती वेळ चालला, धक्का एका बाजूने जास्त जाणवला का, किती घरे पडली, किती माणसे मेली, समुद्र आधी ओसरला की चढला, विहिरी आणि झऱ्यांचे पाणी वाढले की आटले, जमिनीला भेगा पडल्या का, आग लागली का, नंतर किती धक्के बसले, अधिकाऱ्यांनी काय केले, असे ते प्रश्न होते. देवाच्या कोपाची कारणे त्यात विचारलेली नव्हती. भूकंप ही मोजता येणारी, नोंदवता येणारी, ठिकठिकाणी कमीजास्त असणारी घटना आहे, ही दृष्टी त्यात होती. आलेली उत्तरे पुष्कळशी आजही सरकारी दप्तरखान्यात आहेत. १७५५ चा भूकंप समुद्रात कोठे झाला आणि केवढा होता, याचे गणित करणारे आजचे भूकंपशास्त्रज्ञ या खेड्यापाड्यांच्या पाद्र्यांच्या जबान्याच वापरतात. त्याची तीव्रता साडेआठ ते नऊच्या दरम्यान धरली जाते. नेमका कोणता भ्रंश सरकला यावर वाद अजून चालू आहे.

शहर पुन्हा कसे बांधावे हा प्रश्न कार्व्हालोने मान्वेल दा माया या राज्याच्या मुख्य अभियंत्यापुढे ठेवला. माया तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. तो तोर्रे दु तोंबु या राजदप्तराचाही रखवालदार. किल्ल्यावरचा दप्तराचा बुरूज पडल्यावर ढिगाऱ्यातून कागद वाचवण्याचे काम त्यानेच करून घेतले होते. ४ डिसेंबर १७५५ रोजी, म्हणजे भूकंपाला जेमतेम महिना होताना, त्याने आपल्या निबंधाचा पहिला भाग सादर केला. त्यात पाच मार्ग मांडले होते. शहर होते तसे बांधणे. तेच, पण रस्ते रुंद करून. तेच, पण इमारतींची उंची कमी करून. बायशा पूर्ण सपाट करून, ढिगाऱ्याची भर घालून, नव्या आखणीने शहर वसवणे. किंवा सगळेच सोडून बेलेंच्या बाजूला नवे नगर उभारणे. मायाने प्रत्येकाचे फायदे-तोटे सांगितले आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिली. पहिला मार्ग घेणे म्हणजे पुन्हा भूकंप होणार नाही असे मानणे होय. या निबंधात अलंकारिक असे काही नाही, पण आपत्तिनिवारणावर त्या शतकात लिहिले गेलेले इतके समंजस कागद फार थोडे असतील. कार्व्हालोने चौथा मार्ग निवडला.

तोवर मनाप्रमाणे घर बांधण्यास बंदी होती. जुन्या रस्त्यांची आणि प्रत्येकाच्या जागेची मोजणी करून नोंद करण्याचा हुकूम नोव्हेंबर संपण्यापूर्वीच निघाला होता. जमिनीची मालकी कोणाची, यावरून पुनर्वसने रखडतात हे त्याने आधीच ओळखले होते. मायाच्या हाताखाली एउजेनिउ दुश सांतुश आणि हंगेरीहून आलेला कार्लुस मार्देल यांनी नवे आराखडे केले. १७५८ च्या कायद्याने नवी वाटणी ठरली. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आले. मोठे रस्ते सुमारे तेरा मीटर रुंद, खाली गटारे, बाजूला पादचाऱ्यांसाठी पदपथ. राजवाड्याचे पटांगण होते तिथे व्यापाराच्या नावाचा चौक झाला आणि राजवाडा तिथे परत बांधलाच नाही. रस्त्यांना धंद्यांची नावे मिळाली : सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता. खर्चासाठी लिस्बनच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के जादा पट्टी आपण होऊन देऊ केली, आणि ब्राझीलचे सोने होतेच.

खरी करामत मात्र बाहेरून दिसत नाही. बायशाच्या नव्या इमारतींचा तळमजला दगडी कमानींचा, आणि त्याखाली गाळात ठोकलेले पाइनच्या लाकडाचे खुंट. त्याच्या वरच्या मजल्यांत, भिंतींच्या आत, लाकडाचा सांगाडा असतो. उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकोनात फुलीसारख्या दोन तिरप्या लाकडी दांड्या, आणि मधल्या पोकळीत दगड-चुना. पोर्तुगीज भाषेत याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली की दगडी भिंत ताठ राहण्याचा प्रयत्न करते आणि फुटते. लाकडाचा पिंजरा मात्र वाकतो, करकरतो आणि परत जागेवर येतो. भिंतीचा गिलावा, दगड गळून पडले तरी मजला माणसांच्या डोक्यावर येऊ नये, हा त्याचा हेतू. काश्मीरमधील धज्जी-देवारी पद्धतीची घरे याच तत्त्वावर उभी असतात. उलट नुसत्या दगडमातीची जाड भिंत काय करते, हे १९९३ साली किल्लारीत महाराष्ट्राने पाहिले. पिंजऱ्याचा नमुना चौकात उभारून त्याभोवती सैनिकांना दाणदाण पावले आपटत फिरवले आणि तो टिकतो का ते पाहिले, अशी कथा लिस्बनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शेजारच्या दोन घरांमध्ये छपरापेक्षा उंच जाणारी आगरोधक भिंत घालण्याचा नियम झाला, कारण लिस्बन भूकंपापेक्षाही आगीत जास्त जळले होते. खिडक्या, दारे, कठड्यांची मापे एकसारखी ठरली; त्यामुळे ती कारखान्यात घडवून बांधकामावर आणता येत. मायाच्या मनात दोनच मजल्यांची घरे होती. अखेर त्याहून अधिक मजल्यांना मान्यता मिळाली. त्या म्हाताऱ्याचे ऐकले असते तर बरे झाले असते, असे म्हणणारे अभियंते आजही भेटतात.

इथपर्यंतचा कार्व्हालो सर्वांना आवडतो. त्याच वर्षांतला दुसरा कार्व्हालो पाहिल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही.

गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध जेजुइट धर्मोपदेशकाने १७५६ साली एक पुस्तिका छापली. भूकंप नैसर्गिक कारणांनी नव्हे तर लिस्बनच्या पापांमुळे झाला, आणि लोकांनी झोपड्या बांधण्याऐवजी प्रायश्चित्त घ्यावे, असा तिचा आशय होता. लोक घाबरलेले होते. धक्के अजून बसत होते. ढिगारे उपसणाऱ्या मजुराला हे काम व्यर्थ आहे असे वाटू लागले तर शहर उभेच राहिले नसते. कार्व्हालोने त्याला लिस्बनबाहेर धाडले. एवढ्यावर थांबला असता तर कोणी दोष दिला नसता. पण १७६१ च्या सप्टेंबरात बहात्तर वर्षांच्या, मनाचा तोल ढळलेल्या त्या म्हाताऱ्याला पाखंडी ठरवून भर चौकात गळा आवळून मारण्यात आले आणि प्रेत जाळण्यात आले. ही शिक्षा इन्क्विझिशनने दिली, आणि त्या वेळी तिच्या मुख्यपदी खुद्द कार्व्हालोचा भाऊ होता. निसर्गाची कारणे निसर्गात शोधा म्हणणाऱ्या सरकारने आपले म्हणणे चितेवर सिद्ध करावे, ही विसंगती त्याच्या चाहत्यांना अद्याप धड उलगडून सांगता आलेली नाही.

त्याआधी, ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री, राजाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. संशय बड्या घराण्यांवर गेला. १३ जानेवारी १७५९ रोजी बेलें येथे तावोरा कुटुंबाचा जो वध झाला, त्याच्या क्रौर्याने सारा युरोप हादरला. मारल्या गेलेल्यांत मार्केस द तावोरा आणि त्याची पत्नी दोन्ना लेओनोर होती. हे दोघे गोव्याला चांगले ठाऊक. तावोरा १७५० ते १७५४ या काळात इथे व्हाइसरॉय होता, सोंदेकरांविरुद्ध त्याने मोहिमा काढल्या, आणि लेओनोर नवऱ्याबरोबर एवढा समुद्र ओलांडून गोव्यात येऊन राहिली होती. त्यांचा जावई म्हणजे वर उल्लेखिलेल्या आलोर्नाचा मुलगा. त्याला अठरा वर्षे तुरुंगात काढावी लागली. आपल्या दोन व्हाइसरॉयांची घराणी अशी एकाच माणसाच्या हातून उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी जेजुइटांना सर्व पोर्तुगीज प्रदेशांतून घालवण्यात आले. गोव्यातील त्यांची मठमंदिरे आणि मालमत्ता सरकारजमा झाली.

भूकंपाने त्याला जी सत्ता दिली होती, ती त्याने कधी परत केलीच नाही. आणीबाणीत काढलेल्या हुकमांची सवय राज्यकर्त्याला लागते. त्याच सत्तेने त्याने पोर्तुगालच्या भूमीवर गुलाम आणण्यास बंदी घातली, नवख्रिस्ती आणि जुने ख्रिस्ती हा भेद कायद्यातून काढला, कोईंब्रा विद्यापीठाचा अभ्यासक्रम नव्याने घडवला, हेही खरे आहे.

गोव्याकडे त्याचे लक्ष शेवटच्या वर्षांत विशेष गेले. १७७४ साली इन्क्विझिशन बंद करण्याचा हुकूम आला आणि त्याच वर्षी गव्हर्नर जुझे पेद्रो दा कामारा याच्याबरोबर विस्तृत सूचना आल्या. त्यांत एक सूचना जुने गोवे पुन्हा बांधण्याची होती. रोगराईने ओस पडलेली ती राजधानी सोडून व्हाइसरॉय १७५९ सालीच पणजीला राहायला आला होता. लिस्बन राखेतून उठले, तर गोवे का उठू नये, असा विचार मंत्र्याने केला असावा. पण दोन शहरांचे दुखणे वेगळे होते. लिस्बन एका सकाळी पडले होते. तिथली माणसे, व्यापार, बंदर जिवंत होते. जुन्या गोव्याचे पाणी दूषित होते, हवा तापाची होती, आणि तिथला व्यापार केव्हाच इंग्रज आणि डच यांनी नेला होता. काम सुरू झाले, ढिगारे हलवले गेले, मजूर आजारी पडून मरू लागले. काही वर्षांनी सारे सोडून देण्यात आले. प्रश्नावली पाठवून आधी परिस्थिती समजून घेणारा मंत्री इथे मात्र दूर बसून हुकूम सोडत राहिला. राजधानीचा मान पणजीला रीतसर मिळाला तो १८४३ साली.

६ जून १७७५ रोजी व्यापार चौकात राजा दों जुझेचा अश्वारूढ पुतळा उघडला गेला. माशादो द काश्त्रो या शिल्पकाराची ती कृती. पायथ्याला मंत्र्याच्या चेहऱ्याचे पदक बसवले होते. समारंभ थाटात झाला. पण भूकंपाला वीस वर्षे उलटली तरी चौकाच्या सर्व इमारती पुऱ्या नव्हत्या, म्हणून अपुरे भाग लाकूड आणि कापड लावून झाकले होते. चौकातली मोठी कमान पुरी व्हायला तर आणखी शंभर वर्षे लागली.

२४ फेब्रुवारी १७७७ रोजी राजा वारला. राणी मारियाने गादीवर येताच तुरुंग उघडले आणि मार्केसला घरी पाठवले. पुतळ्याखालचे पदक लोकांच्या मागणीवरून काढून टाकले गेले. ते परत बसायला १८३३ साल उजाडले. चौकशा झाल्या. १७८१ साली तो शिक्षेस पात्र असल्याचे जाहीर झाले, पण वय पाहून केवळ दरबारापासून दूर राहण्याचे बंधन घातले गेले. गोव्यात इन्क्विझिशन १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ पर्यंत टिकले. ८ मे १७८२ रोजी, पोंबाल या गावी, ब्याऐंशी वर्षांचा हा माणूस मरण पावला. त्याच्या अस्थी पुढे लिस्बनला आणल्या गेल्या आणि १९२३ पासून त्या बेलेंजवळील मेमोरिया चर्चमध्ये आहेत. राजावर ज्या जागी गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच जागी हे चर्च बांधलेले आहे.

त्याच्या शहराचे पुढे काय झाले? बायशा टिकली. पण जसजसा १७५५ चा काळ मागे पडला तसतसा पिंजऱ्यातला एकेक दांडा गळू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर उत्तरेकडे पसरले, तेव्हा भाड्याच्या घरांसाठी स्वस्त बांधकाम सुरू झाले. मजले वाढले, तिरप्या दांड्या नाहीशा झाल्या, भिंती पातळ झाल्या. लिस्बनचे लोक या घरांना काहीशा उपहासाने ‘गायोलेइरु’ म्हणतात. पिंजऱ्याचे नाव राहिले, पिंजरा गेला. १८७० ते १९३० च्या दरम्यानची ही वस्ती आज शहरातील सर्वांत धोक्याची मानली जाते. खुद्द बायशातही दुकाने मोठी करण्यासाठी आतल्या भिंती काढल्या गेल्या, पाण्याचे नळ नेण्यासाठी लाकडे कापली गेली, वर जादा मजले चढले. भूकंपाचा विचार करणारी बांधकाम नियमावली पोर्तुगालला पुन्हा मिळाली ती थेट १९५८ साली.

२८ फेब्रुवारी १९६९ च्या पहाटे त्याच नैर्ऋत्येकडच्या समुद्रात मोठा भूकंप झाला आणि लिस्बनकर अंथरुणातून रस्त्यावर आले. २६ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिनिश किनाऱ्याजवळच्या ५.३ तीव्रतेच्या धक्क्याने ते पुन्हा जागे झाले. हानी जवळजवळ नव्हती. जुन्या इमारतींची दुरुस्ती करताना तिचे भूकंपबळ तपासावे, अशी तरतूद २०१९ च्या कायद्यात झाली. त्या तपासण्यांसाठी बायशातील एखाद्या घराचा गिलावा उतरवला जातो, तेव्हा आत मायाच्या माणसांनी बसवलेली लाकडी फुली काही ठिकाणी अजून जशीच्या तशी सापडते. काही ठिकाणी तिच्या जागी फक्त खाचा असतात.